थांबण्याचे भांडवल

उत्तर इटलीतील रेज्जो एमिलिया या शहरात मुख्यालय असलेली क्रेदितो एमिलियानो ही बँक १९५३ सालापासून चीज तारण ठेवून घेऊन कर्ज देत आली आहे. हे चीज म्हणजे पार्मिजानो रेज्जानो. त्याची एक ढेप सुमारे ४० किलोंची असते आणि अशा लाखो ढेपा बँकेच्या मालकीच्या गोदाम कंपनीत जमिनीपासून छतापर्यंत लावलेल्या फळ्यांवर ठेवलेल्या असतात. गोदामातील माणसे त्यांची राखण तर करतातच, शिवाय ठराविक काळाने त्या उलटतात आणि घासूनपुसून स्वच्छही ठेवतात. नोकरीचा बहुतेक काळ इंदूरमध्ये बँकेच्या कर्जविभागात काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे प्रथम वाचताना हसू आले आणि नंतर त्याचा फार विचार करावासा वाटला. आम्हीही माल तारण ठेवून घेत होतो, पण तो सोयाबीन, हरभरा आणि गहू एवढाच. गोदामाच्या कुलपाची किल्ली आमच्याकडे असे, पोत्यांची मोजणी होई आणि मंडईतील भाव पडला की मार्जिन, म्हणजे मालाची किंमत आणि कर्ज यांतील राखीव फरक, वाढवून मागावे लागे. ठेवल्याने ज्याची किंमत वाढते असे तारण आमच्या वाट्याला कधी आले नाही.

इटलीच्या पारंपरिक खाद्यपदार्थांविषयी जे लिहिले जाते त्यात आजीचे हात, टेकड्यांवरची जुनी घरे आणि ऑलिव्हची झाडे पुष्कळ असतात. खेळत्या भांडवलाचा, म्हणजे माल विकला जाईपर्यंत लागणाऱ्या पैशाचा, उल्लेख क्वचितच सापडतो. परंपरेचे प्रेम कमी झाल्यामुळे छोटे उत्पादक बुडतात, हा समज मला फारसा पटत नाही. माल तयार होण्यास वेळ लागतो आणि तो वेळ कोणाच्या पैशावर काढायचा, हा प्रश्न सुटला तर उत्पादक टिकतो, न सुटल्यास त्याची मुले दुसरा व्यवसाय शोधतात, असे माझे मत झाले आहे. या दृष्टीने पाहिले तर इटलीची कथा इंदूरच्या मराठी घरांतील वाळवणांच्या कथेपासून फार लांब नाही.

पार्मिजानोची पद्धत पाहिली म्हणजे पैसा कोठे अडकतो ते लगेच दिसते. संध्याकाळचे दूध रात्रभर उथळ भांड्यांत ठेवतात, वर आलेली साय काढून घेतात आणि उरलेल्या दुधात सकाळचे ताजे, साय न काढलेले दूध मिसळतात. तांब्याच्या मोठ्या कढईत आदल्या दिवशीच्या निवळीचे (दूध गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्याचे) विरजण आणि वासराच्या जठरापासून काढलेले रेनेट घालून ते गोठवतात, गोठलेले दूध मोडून त्याचे बारीक कण करतात आणि ते ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. एका ढेपेला साधारण ५५० लिटर दूध लागते. साच्यातून काढल्यावर ढेप सुमारे तीन आठवडे मिठाच्या पाण्यात राहते आणि त्यानंतर फळीवर जाते. तेथे तिने किमान १२ महिने राहिले पाहिजे असा नियम आहे, आणि चांगल्या मालाची अपेक्षा २४ किंवा ३६ महिन्यांची असते. गायींना मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला ओला चारा) देण्यास मनाई असल्याने चारा सुका आणि बहुतांशी त्याच प्रदेशातला लागतो. त्या चाऱ्याचे पैसे शेतकऱ्याला आजच मोजावे लागतात, आणि त्याच्या दुधाचे पूर्ण मोल ठरते ते दोन वर्षांनी. पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना हे तीन प्रांत आणि बोलोन्या व मांतोव्हा या प्रांतांचे काही भाग मिळून सुमारे ३०० चीजघरे आहेत. त्यांतील पुष्कळशी दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांची आहेत आणि सगळी मिळून वर्षाला सुमारे ४० लाख ढेपा काढतात. ही संख्या ऐकताना मोठी वाटते, पण एकेका चीजघराच्या दृष्टीने ते लहानच काम आहे आणि दोन वर्षे अडकलेला पैसा स्वतःच्या खिशातून भरण्याची ताकद त्यांच्यापैकी फार थोड्यांत असेल.

येथे एक गोष्ट बाजूला सांगून ठेवतो. रेनेट वासराचेच हवे हा या चीजच्या नियमाचाच भाग असल्याने खरे पार्मिजानो शाकाहारी असू शकत नाही, आणि आमच्या शहरातील अनेक शाकाहारी घरांतील मुले पास्त्यावर ते भुरभुरून खातात तेव्हा बहुधा त्यांना हे ठाऊक नसते. मी स्वतः ते खात नाही. म्हणून त्याच्या चवीविषयी काही लिहिण्याचा मला अधिकार नाही. तारण म्हणून त्याच्याविषयी लिहिण्याचा थोडाफार आहे, असे समजतो.

तारणाला तीन गोष्टी लागतात, हे कर्जविभागातील कोणताही कारकून सांगेल. माल ओळखता आला पाहिजे, त्याची प्रत ठरवता आली पाहिजे आणि कर्ज बुडाले तर तो विकता आला पाहिजे. पार्मिजानोच्या उत्पादक संघाने, ज्याची मुळे १९३४ सालापर्यंत जातात, या तिन्ही गोष्टींची सोय करून ठेवली आहे. ढेप तयार होतानाच तिच्या कडेवर ठिपक्यांच्या अक्षरांत नाव, चीजघराचा क्रमांक आणि उत्पादनाचा महिना व वर्ष उमटते, आणि प्रत्येक ढेपेला स्वतंत्र क्रमांक असलेली केसिनची (दुधातील प्रथिनाची) चकती चिकटवलेली असते. बारा महिने झाले की तपासनीस येतो आणि छोट्या हातोडीने ढेप सगळीकडून ठोकून आवाज ऐकतो. आत पोकळी किंवा भेग असेल तर आवाज बदलतो. उत्तीर्ण झालेल्या ढेपेवर तापलेल्या लोखंडाने शिक्का उमटवतात. किरकोळ दोष असलेल्या ढेपेच्या सालीवर आडव्या रेघा पाडतात, म्हणजे घेणाऱ्याला ती दुसऱ्या प्रतीची असल्याचे लांबूनच कळते. नापास झालेल्या ढेपेच्या तर सगळ्या खुणा खरवडून काढतात आणि तिला त्या नावाने विकता येत नाही. आमच्या काळात सोयाबीनच्या पोत्यात आर्द्रता किती आणि माती किती, यावर व्यापाऱ्याशी जे वाद होत, त्यांच्या तुलनेत ही व्यवस्था मला फारच नीटनेटकी वाटते.

मांसाच्या बाबतीत इटलीने तर कायदाच केला. डुकराची मांडी मिठात मुरवून महिनोन्महिने टांगून ठेवण्याचा पार्माचा जो उद्योग आहे, त्यासाठी १९८५ साली असा कायदा झाला की मानांकन (ठरलेल्या प्रदेशाच्या आणि पद्धतीच्या मालाच्या नावाला कायदेशीर संरक्षण) असलेल्या हॅमवर तारणाची खूण करावी आणि माल उत्पादकाच्याच ताब्यात, त्याच्याच घरात मुरत राहावा. पुढे ही सवलत दीर्घकाळ मुरणाऱ्या चीजना मिळाली आणि २०२० मध्ये मानांकन असलेल्या इतर खाद्यपदार्थांपर्यंतही पोहोचली. आपल्याकडील नजरगहाणाशी, म्हणजे माल कर्जदाराकडेच ठेवून दिलेल्या तारणाशी, याचे नाते आहे, पण नजरगहाणात बँकेला कर्जदाराने दिलेल्या साठ्याच्या यादीवर (स्टॉक स्टेटमेंटवर) विश्वास ठेवावा लागतो आणि तेथे प्रत्येक नगावर खूण असते. हा फरक लहान नाही.

धोका नाही असे मात्र नाही. मे २०१२ मध्ये एमिलिया प्रदेशात लागोपाठ मोठे भूकंप झाले आणि अनेक चीजघरांतील फळ्या पत्त्यांसारख्या कोसळून लाखो ढेपा जमिनीवर आल्या. फुटलेली ढेप मुरत नाही. ती लवकर विकावीच लागते. मोदेनाचे प्रसिद्ध शेफ मास्सिमो बोत्तुरा यांनी तेव्हा भात आणि पार्मिजानो यांचा एक सोपा पदार्थ तयार करून लोकांना तो घरोघरी शिजवण्याचे आवाहन केले आणि फुटलेला माल मोठ्या प्रमाणात उचलला गेला. या घटनेचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे, पण माझे लक्ष एका वेगळ्या गोष्टीकडे जाते. चीजघरांना फुटलेला माल एकत्रितपणे विकता आला, कारण संघ आधीपासून अस्तित्वात होता आणि कोणत्या ढेपा कोणाच्या याची नोंद होती. संकटानंतर संघ स्थापन करता येत नाही.

ही परंपरा सांभाळणारे हात कोणाचे, हेही सांगितले पाहिजे. पो नदीच्या खोऱ्यातील गोठ्यांत गेली काही दशके गायींची देखभाल आणि धार काढण्याचे काम मोठ्या प्रमाणात पंजाबातून गेलेले शीख बांधव करतात. रेज्जो एमिलिया प्रांतातील नोव्हेल्लारा या गावात २००० साली उघडलेला गुरुद्वारा युरोपातील मोठ्या गुरुद्वारांपैकी एक आहे. पहाटे उठून, सणवार न पाहता करावयाचे हे काम स्थानिक तरुणांनी सोडले आणि पंजाबातील शेतकऱ्यांच्या मुलांनी ते उचलले. परंपरा रक्तातून येते असे मानणाऱ्यांनी या गोठ्यांकडे पाहावे. नियम लिहिलेला असेल आणि कामाचा मोबदला मिळत असेल, तर पंजाबातील होशियारपूरचा माणूसही पार्माची परंपरा चालवू शकतो.

बँकेला ज्यात शिरणे परवडणार नाही असाही एक पदार्थ त्याच प्रदेशात आहे. मोदेनाचा पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर द्राक्षांच्या उकळून आटवलेल्या रसापासून करतात आणि दुसरे काहीही त्यात घालत नाहीत. ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर अशा निरनिराळ्या लाकडांची, उतरत्या आकाराची पिंपे घराच्या माळ्यावर ओळीने मांडलेली असतात. माळाच हवा, कारण उन्हाळ्यातील तापणे आणि थंडीतील गारठणे दोन्ही मुरण्याला लागतात. दरवर्षी सर्वांत लहान पिंपातून थोडे काढायचे, तेवढे त्याच्या शेजारच्या मोठ्या पिंपातून भरायचे, असे करत शेवटी सर्वांत मोठ्या पिंपात नवा रस ओतायचा. किमान १२ वर्षे झाल्याखेरीज ते विकता येत नाही आणि वरच्या प्रतीसाठी २५ वर्षे लागतात. चव तपासणाऱ्या मंडळाने मान्यता दिल्यावरच ते १०० मिलिलिटरच्या ठरलेल्या आकाराच्या बाटलीत भरले जाते. ही बाटली जोर्जेत्तो जुजारो यांनी, म्हणजे मोटारींची रूपे घडवणाऱ्या माणसाने, आखून दिली आहे. बारा वर्षांच्या मुदतीचे खेळते भांडवल कोणती बँक देणार? म्हणून येथे बँकेची जागा कुटुंब घेते. मूल जन्मले की त्याच्या नावाने पिंपांची नवी ओळ मांडण्याची जुनी पद्धत आहे आणि ती पाहिली म्हणजे आपल्याकडे मुलीच्या नावाने आवर्ती ठेव उघडणाऱ्या वडिलांची आठवण मला होते.

याच नावाच्या सावलीत दुसरे, स्वस्त व्हिनेगर मोठ्या कारखान्यांतून निघते. त्यात द्राक्षाच्या रसाबरोबर वाइनचे व्हिनेगर असते आणि त्याला ६० दिवसांची मुदत पुरते. त्यालाही युरोपीय मानांकन आहे, ते वेगळ्या दर्जाचे. नावातील फरक एका 'पारंपरिक' या शब्दाचा. इंदूरच्या मॉलमध्ये जे मिळते ते अर्थातच दुसरे. मला त्यात फसवणूक दिसत नाही, पण घरच्या माळ्यावर पंचवीस वर्षे राबणाऱ्याला या एका शब्दावर सगळी मदार ठेवावी लागते, आणि म्हणून तो शब्द कोण वापरू शकतो यावर कडक पहारा आहे. स्पिलाम्बेर्तो या गावात १९६७ साली घरगुती व्हिनेगर करणाऱ्यांचा एक संघ निघाला. तो दरवर्षी घरोघरचे नमुने मागवतो, ते कोणाचे आहेत हे न सांगता चाखायला देतो आणि त्यांना गुण देतो. विक्रीसाठी माल काढण्याचा ज्यांचा विचारही नाही अशी घरेही त्यात भाग घेतात. प्रत ठरवण्याची सवय अशी बाजाराच्या बाहेर, स्पर्धेच्या निमित्ताने लागली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आता दुसरे टोक पाहावे, जेथे पैसा अडकतच नाही आणि सगळा जमाखर्च हातांचा असतो. सार्डिनिया बेटावरील नुओरो येथे 'सु फिलिंदेऊ' नावाची शेवई करतात. रवा, पाणी आणि मीठ यांची कणीक हाताने ओढून दुमडायची, असे आठ वेळा केले म्हणजे २५६ तंतू होतात. ते गोल ताटावर तीन थरांत तिरपे पसरून उन्हात वाळवतात आणि लुला या गावच्या संत फ्रान्सिसच्या यात्रेत मेंढीच्या रश्श्यात घालून यात्रेकरूंना वाढतात. ही कला जाणणाऱ्या फार थोड्या स्त्रिया उरल्या आणि पाओला अब्राइनी हे त्यांतले नाव जगभर पोहोचले. बारिल्ला या पास्ता कंपनीच्या तज्ज्ञांनी ती यंत्राने करता येईल का हे पाहिले आणि जमले नाही. आपल्याकडे हातशेवया करणाऱ्या बायका होत्या, त्यांची गत वेगळ्या प्रकारे तीच झाली: यंत्राने अगदी तशी शेवई होत नाही, पण बरी होते, आणि बरी शेवई स्वस्तात मिळू लागल्यावर ओढण्याचे श्रम कोणी विकत घेईना. नुओरोची शेवई अजून उरली आहे ती यात्रेमुळे. घेणारा ठरलेला आहे आणि दिवसही ठरलेला आहे.

दक्षिण इटलीतील बारी शहरातील जुन्या गल्लीत दाराशी पाट मांडून सुरीने 'ओरेकिएत्ते', म्हणजे कानाच्या आकाराचा पास्ता, वळणाऱ्या बायकांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. त्यांचा पास्ता सकाळी वळला जातो आणि लवकरच विकला जातो, त्यामुळे भांडवल थोडे लागते. पण २०१९ मध्ये एका उपाहारगृहात कोठून आला हे सांगता न येणारा असा पास्ता सापडल्याने दंड झाला आणि गल्लीत घबराट पसरली, कारण घरी थोडा विकणे वेगळे आणि उपाहारगृहांना पुरवणे वेगळे, त्याला परवाना आणि लेबल हवे. पुढे २०२४ मध्ये तर कारखान्यातील पुड्यांतला पास्ता हातचा म्हणून पर्यटकांना विकला जात असल्याचे आरोप झाले. माझी सहानुभूती त्या बायकांकडे आहे, परंतु कर्जविभागातील माणूस म्हणून मला नियमाची बाजूही समजते. ज्यावर खूण नाही त्याची नक्कल झाली तर खरा माल करणाऱ्यालाच प्रथम मार बसतो.

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोच्या समितीची बैठक झाली आणि तीत इटलीच्या पाककलेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्याच बैठकीत आपली दीपावलीही त्या यादीत गेली. बातमी आनंदाची होती. पण अशा यादीने फळीवरच्या ढेपेचे व्याज भरले जात नाही. इटलीच्या सरकारची एक साधी यादी मला त्यापेक्षा उपयोगी वाटते: किमान २५ वर्षे एकाच पद्धतीने होत असलेल्या स्थानिक पदार्थांची नोंद तेथील प्रादेशिक सरकारे करतात, आणि त्या यादीत पाच हजारांहून अधिक पदार्थ आहेत. त्यातील बहुतेकांना परदेशात कोणी ओळखत नाही. मात्र पद्धत लिहून ठेवलेली असते, आणि स्वच्छतेच्या नियमात लाकडी फळी किंवा मातीचे भांडे अडचणीचे ठरले तर सूट मागण्यासाठी कागद हाताशी असतो.

इंदूरकडे येताना प्रथम एक निरीक्षण नोंदवतो, जे येथील खाद्यकीर्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी फारसे लक्षात घेतलेले नाही. सराफा बाजारातील गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटिस, सकाळचे पोहे-जिलेबी, या सगळ्यांत पैसा एका दिवसात फिरतो. पहाटे पोहे भिजवले की दुपारपर्यंत गल्ल्यात रक्कम आलेली असते आणि संध्याकाळी दुकानदार सियागंजाच्या घाऊक बाजारात उद्याचा माल घेतो. या धंद्याला बँक लागत नाही; फार तर एखादी दैनिक वसुलीची पतपेढी पुरते. म्हणूनच तो भरभराटला, असे माझे अनुमान आहे. चव हे कारण आहेच, पण चव तर मेतकुटालाही आहे. ज्या पदार्थांत पैसा सहा-आठ महिने अडकतो, ते मात्र या शहरात दिवसेंदिवस आक्रसत गेले. रामबागेत, लोकमान्यनगरात, सुदामानगरात गच्चीगच्चीवर कुरडया, सांडगे आणि बटाट्याचा कीस वाळत असे, तेथे आता पाण्याच्या टाक्या आणि सौर पॅनेल आहेत. जागा गेली हे खरे. माझ्या मते पैशाचे गणित त्याआधीच मोडले होते.

आमच्या वसाहतीत एक वहिनी घरगुती विक्रीसाठी कुरडया, मेतकूट, गोडा मसाला, भाजणी आणि लोणची करतात. त्यांचा हिशेब त्यांनी मला एकदा वही उघडून दाखवला, कारण निवृत्त झालो तरी कर्जाविषयी विचारायला लोक माझ्याकडे येतात. होळीनंतर छावणीच्या मंडईतून गहू, निमाडातल्या बेडियाच्या बाजारातील मिरची, सियागंजातून धने, खोबरे, दगडफूल, नागकेशर, मग कैऱ्या आणि तेल, असा सगळा खर्च दोन-अडीच महिन्यांत होतो. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, चीक काढून, शिजवून, पितळी सोऱ्यातून गरमच घालावा लागतो, आणि त्या कामाला येणाऱ्या बायकांची मजुरी रोजच्या रोज द्यावी लागते. विक्रीला खरा वेग येतो तो श्रावणात आणि नंतर दिवाळीत. थोडी विक्री डिसेंबरात होते, जेव्हा पुण्याला, बंगळूरला आणि परदेशात गेलेली मुले येतात आणि परतताना पिशव्या भरून नेतात. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, वैशाखात माझा सगळा पैसा उन्हात वाळत पडलेला असतो." हे वाक्य ऐकल्यावर मला रेज्जो एमिलियाचे गोदाम आठवले नसते तरच नवल.

त्यांच्यासाठी बँकेत काय आहे ते पाहू. २०१५ पासून मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे शिशु कर्ज विनातारण मिळते आणि ते चांगले आहे, पण त्याचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू झाला तर ज्या महिन्यांत विक्री नाही त्या महिन्यांत तो कोठून भरायचा? शेतकऱ्याचे पीककर्ज सुगीला जोडलेले असते. वाळवणाची सुगी कोणत्याच तक्त्यात नाही. २०२० साली केंद्राने सूक्ष्म खाद्यउद्योगांसाठी योजना आणली आणि तिच्यात यंत्रसामग्रीवर ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठेवले. त्यात बचतगटाच्या सदस्याला खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची तरतूदही आहे, आणि माझ्या मते योजनेचा हाच भाग सर्वांत शहाणपणाचा आहे, जरी जाहिरातीत चित्रे यंत्रांचीच असतात. वहिनींना यंत्र नको आहे. सोऱ्याच्या जागी यंत्र बसवले तर कुरडई एकसारखी होईल आणि तिची जाळी बिघडेल, असे त्या म्हणतात. इटलीतील ग्रान्यानो येथील पास्तावाले कांस्याच्या चकतीतून पास्ता काढण्याचा आग्रह ज्या कारणाने धरतात, ते कारण हेच: चकतीचा खडबडीतपणा पास्त्याच्या अंगावर उतरतो आणि त्याला रस्सा धरतो.

गोदामाच्या बाजूने कायदा आपल्याकडेही आहे. २००७ च्या कायद्याने गोदामपावतीला कर्जासाठी मान्यता मिळाली आणि मालव्यातील शेतमालासाठी तिचा उपयोगही होतो. कुरडईची गोदामपावती मात्र कोणी देणार नाही, कारण तिची प्रत कशी ठरवायची हे कोठेही लिहिलेले नाही. शेजारच्या रतलामच्या शेवेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, परंतु इटलीत मानांकन म्हणजे प्रत्येक ढेपेवर हातोडी, आणि आपल्याकडे मानांकन म्हणजे बहुधा सत्कार आणि छायाचित्र. लिज्जतचे उदाहरण लोक लगेच देतात. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, हे स्फूर्तिदायक आहे यात शंका नाही. तेथेही पाहण्यासारखे हे आहे की पीठ संस्थेकडून मिळते, लाटलेला पापड दुसऱ्या दिवशी परत जातो आणि लाटणावळ लगेच हाती पडते. थांबण्याचा भार संस्था उचलते, लाटणारी उचलत नाही.

आमच्या वसाहतीत गेल्या काही उन्हाळ्यांपासून एक छोटी व्यवस्था बसली आहे. काही घरे होळीच्या सुमारास आपली कुरडई आणि मसाला नोंदवतात आणि निम्मी रक्कम आगाऊ देतात. भाव त्या दिवशीच्या गव्हाच्या आणि मिरचीच्या भावावरून ठरतो आणि नंतर बदलत नाही. माल पावसाआधी घरपोच होतो, म्हणजे साठवणीची काळजीही घेणाऱ्याकडे जाते. प्रत्येक घाण्यातील दोन-चार कुरडया घेणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी समोर तळून दाखवायच्या. पांढरीशुभ्र फुलली, दाताखाली कडक राहिली नाही, तर तो घाणा नोंदणीसाठी, नाहीतर तो कमी भावाने बाजूला. हा नियम वहिनींनी स्वतःच घातला. या सोयीत बँक नाही, व्याज नाही आणि कागदही जवळजवळ नाही, त्यामुळे ती पंचवीस-तीस घरांपलीकडे वाढेल असे मला वाटत नाही. वाढवायची तर घाणा तपासणारे माणूस करणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या बाहेरचे हवे, आणि त्याचा खर्च कोणावर टाकायचा याचे उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही.

लोणच्यासाठी मात्र वहिनी आगाऊ पैसे घेत नाहीत. कुरडई तळून दाखवता येते. लोणच्यात मीठ कमी पडले की नाही, तेल पुरेसे वर आले की नाही, हे श्रावणात बरणी उघडल्यावर कळते, आणि तोवर घेतलेले पैसे खर्च झालेले असतात, ते परत करायचे कसे, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणून कैऱ्या आणि तेल त्या कुरडईच्या शिलकीतून घेतात. ज्या वर्षी कुरडईची नोंदणी चांगली होते त्या वर्षी बरण्या जास्त भरतात, नाही झाली की कमी.